अर्धी चावी

आमचे शेजारी बाबूकाका कोणाची तब्येत विचारत नाहीत. "चावी हाये ना पुरी?" असं विचारतात.

भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानांशेजारी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास तेही बंद पडलं, कारण सेलवरची घड्याळं आली होती. "त्याले आतून ओढ कुठं हाये?" काका कुरकुरतात. ओढ म्हणजे स्प्रिंग. पोलादाची गुंडाळलेली पट्टी चावीने आवळली की सुटायला धडपडते, आणि त्या धडपडीवर चाकं फिरतात. एकदा डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. काका त्यांच्यावरच उखडले, "टेन्शन नसन तं चाकं फिरतीन कशी?"

आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग तुटली, तेव्हा काकांनी आमच्याच अंगणात नवी बनवली. पट्टी लाल तापवली, तेलात बुडवली, मग निळी होईपर्यंत शेकली. दोरीवरच्या साड्यांना धुराचा वास लागला. "लाल झाली तं निस्ता राग आला, निळी झाली तं अक्कल आली." हे वाक्य माझी बायको आजही माझ्यावर वापरते.

चावी घड्याळाच्या पेटीतच असे, पण तिला हात लावायची आम्हाला सक्त मनाई. तीन-चार दिवसांत घड्याळ थांबे, काका येत, चावी देत आणि मग चहावर तासभर गप्पा मारत.

मागे ते तापाने अंथरुणाला खिळले. नाइलाजाने मीच चावी दिली, अगदी गच्च. घड्याळ आठवडाभर चाललं!

"म्हणजे काका इतकी वर्षं अर्धीच चावी देऊन राहिले होते!" मी भडकलो.

"अवो, पुरी देल्ली असती तं आले असते कायच्यासाठी?" बायको म्हणाली. "काकू गेल्यावर त्या घरात बोलाले कोन हाये त्यायले?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. घड्याळ आता आमच्याच हाताने चालतं हे कळलं, तर काका उंबरठा चढायचे नाहीत.

ते हिंडूफिरू लागले त्या सकाळी मी नुकतीच चावी भरली होती. मी लंबक हाताने थांबवला आणि ओरडलो, "काका, घड्याळ बंद पडलं!"

काका लगबगीने आले. चावी लावली. ती तसूभरही फिरेना. त्या हातांना सगळं कळलं असणारच. मी उगाच खिडकीबाहेर पाहू लागलो.

काकांनी हलकेच लंबकाला बोट लावलं.

"चावीच कमी पडून राहिली होती, भाऊ," ते म्हणाले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले.