करडईच्या तेलावरची करवत

फांदी आपणच कापायची, असं अमरदीपनं सकाळी चहा पिताना ठरवलं. लोहाऱ्यात कुऱ्हाड चालवणाऱ्यांची कमी नाही. गल्लीतला बिभीषण तर स्वतःहून विचारून गेला होता. पण घरात विजेची करवत असताना कुऱ्हाडीला कोण बोलावतो? (ही करवत त्यानं मागच्या हिवाळ्यात हौसेनं आणली होती आणि तिनं आजवर शेवग्याची एक फांदी कापली होती. शेवगा वाऱ्यानंही मोडतो, हे त्याच्या बायकोनं, क्षमानं, तेव्हाच सांगितलं होतं.)

रात्रीच्या वादळात कडुलिंबाची मांडीएवढी जाड फांदी बरोबर फाटकात पडली होती. दुपारी अमरदीपचे वडील, तात्याराव, गुडघ्याचं ऑपरेशन करून सोलापूरहून येणार होते. जीप दाराशी यायला हवी, हे तर खरंच. पण अमरदीपच्या मनात आणखी एक गोष्ट होती. त्याच्या हातच्या एकाही कामाला तात्यांनी आजवर "बरं झालं" म्हटलं नव्हतं. आज ते कापलेले ओंडके बघतील आणि म्हणतील. म्हणावंच लागेल.

त्यानं बटण दाबलं. करवत अशी गरजली की झाडावरचे कावळे उडाले आणि अमरदीप स्वतः दोन पावलं मागं सरला. साखळी नुसती चकाकणारी रेघ दिसत होती. ही गोष्ट आपल्या हातात आहे, याचं त्याला भारी नवल वाटलं. तेवढ्यात लाकडातून निळा धूर निघाला.

"अहो, जळायलंय!" क्षमा ओट्यावरून ओरडली.

"साखळीला तेल कमी पडलंय. किटली आण."

"स्वयंपाकाची?"

"मग काय! मागच्या वेळीपण करडईचंच घातलं होतं. घाण्याचं. एकदम शुद्ध."

"तरीच म्हटलं, महिन्याचं तेल गेलं कुठं!"

अमरदीपनं टाकी गळ्यापर्यंत भरली, वर साखळीवरही धार धरली आणि पुन्हा बटण दाबलं. धूर दुप्पट झाला. शिवाय आता त्याला खमंग वास होता. भिंतीवरून शेजारच्या कुलसुमबी डोकावल्या.

"क्षमाताई, काय तळायलाव ओ सकाळी सकाळी?"

"ह्यांनाच विचारा. मोहरी टाकायची तेवढी राहिलीय."

गल्लीतली दोनतीन पोरं फाटकापाशी येऊन उभी राहिली. एकानं हळूच विचारलं, "काका, भजी हायत का वडे?"

"आधी वायर काढा," क्षमा म्हणाली, "मग काय ते उघडून बघा."

वायर काढून अमरदीपनं करवत अंगणात पोत्यावर उघडली. साखळी निघाली, ती जिच्यावर फिरते ती पट्टी निघाली, आणि त्यानं आत डोळा लावला. टाकीतलं तेल ज्या वाटेनं साखळीवर येतं, ते भोक मुंगीला जेमतेम पुरेल एवढं होतं. एवढ्या गर्जनेचा जीव एवढ्याशा भोकात! आणि ते भोक बुजलं होतं. किटलीच्या तोंडाशी करडईचं तेल वाळून जसा तपकिरी चिकटा धरतं, तसाच चिकटा, वरून लाकडाचा भुसा. महिनोन्‌महिने टाकीत बसून शुद्ध तेलाचा शुद्ध डिंक झाला होता.

क्षमानं पदराची पिन काढून दिली. त्यानं भोक मोकळं केलं, पट्टीची खाच खरवडली, रॉकेलनं टाकी धुतली आणि फवारणी पंपाच्या दुकानातून साखळीचं खरं तेल आणलं. दुकानदारानं सांगितलं होतं, आधी साखळी हवेत फिरवायची. समोर तेलाची रेघ उठली, की समजायचं जमलं.

अमरदीपनं वायर लावली, करवतीचं टोक समोर धरलं आणि बटण दाबलं.

रेघ उठली. बारीक, काळपट, पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. पोरं आ वासून बघत राहिली. कुलसुमबी म्हणाल्या, "या अल्ला, काय सफाई हाय!" खुद्द अमरदीपचे डोळे भरून आले. आपण दुरुस्त केलं! आपण!

"रेघ छान आलीय," क्षमा शांतपणे म्हणाली. "तात्यांच्या खाटेवर टाकायला धुऊन दोरीवर वाळत घातलेली चादर होती ती. आता तुम्हीच धुवा."

चादर भिजत घातल्यावर फांदी मात्र लोण्यासारखी कापली गेली. दुपारी जीप थेट दाराशी आली. अमरदीपच्या आईचा, मथुराबाईंचा, हात धरून तात्याराव उतरले. त्यांनी ओंडक्यांचा ढीग बघितला. एका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावरून हात फिरवला. ते ताटासारखं गुळगुळीत होतं.

"हे कुणी कापलं?"

"मी, तात्या."

"एकट्यानं?"

"व्हय."

तात्याराव काठी टेकत करवतीपाशी गेले. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या तोंडावर असं नवल अमरदीपनं जन्मात बघितलं नव्हतं.

"मथुराबाई," तात्याराव भारावलेल्या आवाजात म्हणाले, "मशीन लई दमदार निघालं बघा. ह्याच्या हातात देऊनबी चाललं!"