महांतप्पांचे दाराची मोहीम

श्रीबसवेश्वरचरणी मस्तक ठेवून, गावाने पारावर चाळून जितके खरे ठरविले तितकेच लिहितो. लोहारे परगण्यात राजश्री महांतप्पा, किराणा दुकानाचे धनी, यांनी नवे घर बांधिले आणि पूर्वेस दार काढू म्हणताच शेजारी सिद्धाराम यांनी, गल्ली आमची, ऐसा दिवाणी दावा लाविला आणि 'जैसे थे'चे फर्मान सुटले. तेव्हापासून नऊ वर्षे महांतप्पांची खासा स्वारी मागील गोठ्यातून, म्हशीची शेपटी चुकवीत, घरात दाखल होई. अशात कन्या शिवप्रिया हिचे लग्न ठरले आणि व्याही मंडळी म्हशीशेजारून आणावी काय, या चिंतेने त्यांचे अन्न तुटले.

मग वकील राजशेखर यांजपाशी मसलत जाहली. वादी एक तारीख गैरहजर आणि आपण हजर, तर दावा खारीज आणि 'जैसे थे'ही रद्द, ऐसे वकील बोलिले, आणि हा वादी दर तारखेस इतका वक्तशीर येतो कैसा, हेही पुसिले.

महांतप्पा ओशाळले. "म्याच आनतो की सायेब, गाडीवर. शेजारी हाय, यष्टीनं कसं धाडावं?"

नऊ वर्षे गनिमास पाठीमागे बसवून, वाटेत भजी चारून रणांगणी पोचविला, हे ऐकून वकिलांनी कपाळास हात लाविला.

पुढील तारखेस महांतप्पांनी छाती दगडाची केली, दोन तास आधी मोटारसायकल वेशीपर्यंत ढकलीत नेली आणि मग किक मारून कूच केले. कचेरीत तीनदा पुकारा जाहला, वादी नाहीत, आणि दावा खारीज! महांतप्पांनी हर्षे करून पट्टेवाल्यासच मिठी मारिली.

परत येतात तो सिद्धाराम धुतले धोतर नेसून फाट्यावर उन्हात त्यांच्याच गाडीची वाट पाहत तसेच उभे. "लई येळ झाला, कुठं पडलाव का काय म्हून जीव खालवर व्हायला!"

महांतप्पांस लाज वाटली, फार वाटली. त्यांनी गनिमास गाडीवर घेतले, घरापाशी आणिले आणि सारी हकीकत कबूल केली.

"आसं व्हय," सिद्धाराम बोलिले. "मंग म्हयन्याच्या आत अर्ज देऊन दावा पुन्यांदा उभा करावा लागंल. उद्या गाडी काढताव का?"

"काढतो की," महांतप्पा सवयीने बोलून गेले.

हे कुटुंब शरणम्माबाई यांनी गोठ्यातून ऐकिले आणि तत्क्षणी किल्ली हिसकून कमरेस खोविली, आणि महिनाभर गाडी निघणार नाही ऐसा हुकूम फर्माविला, आणि सुतारास बोलावू धाडिले.

तिसरे दिवशी चौकट बसली. त्या उंबऱ्यावरून पहिले पाऊल आत पडले ते सिद्धारामांचे. किल्ली मागावयास आले होते. त्यांस पाट दिला, चहा दिला, किल्ली दिली नाही. येणेप्रमाणे पूर्वेचे दार फत्ते जाहले, ते दाखल करून लेखणी ठेविली.