कॅमेऱ्याला कान नव्हते

कॅमेरा हॉलच्या कोपऱ्यात, शोकेसच्या वर बसवला होता. त्याला दिसायचं सगळं, ऐकू काहीच यायचं नाही. आवाजवाला थोडा महाग होता म्हणून हा घेतला. पुढचं महाभारत त्या बचतीचं.

अंजनानं नॅनीचा कोर्स पुरा केला होता. आज शेवटची परीक्षा: ताराबाई पार्कातल्या या घरी दिवसभर सम्राटला सांभाळायचं. सम्राट वर्षाचा. त्याची आई शिवानी बँकेत गेली होती, घरी शिवानीची सासू आक्का, आणि कोर्सच्या संयोगिता मॅडम राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून मोबाइलवर कॅमेरा बघणार. पास झाली तर याच घरात नोकरी. नापास झाली तर आजऱ्याला, मामाच्या काजूच्या कारखान्यात. काजूच्या टरफलाचं तेल लागलं की हाताची सालटी निघतात आणि मामा बोलायला लागला की कानाची.

आक्कानं दार उघडलं.

"ये. कुठली गं तू?"

"बिद्री."

"बिद्रीत कुणाची?"

कोल्हापुरात पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यावं, दुसऱ्याला देऊ नये. हे कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

"धोंडीराम ट्रॅक्टरवाल्याची."

"कारखान्यावर ऊस वडतोय त्यो धोंडीराम?" आक्का दारातच किंचाळली. "अगं, त्येची आई आन् माझी आई एकाच मांडवात उजवल्या की! धोंडीराम माझा भाऊच. म्हंजे मी तुझी कोण?"

"कोण?"

"आत्ती गं, भवाने!"

चित्र: नॅनी सोफ्यावर बसली आहे. आजी बाळाला कडेवर घेऊन केर काढते आहे.

आवाज: "आत्ती, बाळाला द्या की हिकडं. माझं कामच हाय ते."

"भावाच्या लेकीला शी-शू काढायला लावू? बिद्रीत कळलं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या. बस गप. पाय वर घे."

अंजनाच्या फोनवर मॅडमचा मेसेज आला: बाळ कुणाकडे? उत्तर लिहायच्या आत आक्कानं फोन काढून घेतला आणि फ्रीजवर ठेवला.

"जेवायच्या टायमाला फोन न्हाय."

"आत्ता तर नाष्ट्याचा टायम हाय."

"मग झालंच की. शेजारच्या शालूबाई मटण आणाय गेल्यात."

शालूबाई मटण घेऊन आल्या, रस्सा होईपर्यंत बसल्या आणि आक्काच्या माहेरचं माणूस डोळे भरून बघितल्यावर बाळ घेऊन गॅलरीत गेल्या. मॅडमना दिसलं ते असं: एक अनोळखी बाई बाळ उचलून चित्राबाहेर जाते आहे आणि नॅनी पांढरा रस्सा पिते आहे.

"घे अजून."

"बास, आत्ती."

"तोंड का वाकडं? बेचव झालाय व्हय?"

याला 'व्हय' म्हणता येत नाही आणि 'न्हाय' म्हटलं की वाटी भरते. चौथ्या वाटीला अंजनाची मान एका बाजूला कलली. मॅडमनी तेही पाहिलं.

मग गॅलरीत सम्राट रडला. अंजना दचकून उठली. दिवस संपत आला नव्हता, पण तिला आजरा दिसला.

चित्र: अनोळखी बाई रडतं बाळ आत आणते. नॅनी बाळावर झडप घालते. आजी मागून तिची वेणी धरते. नॅनी बाळासकट खोलीत. दार बंद. आजी दोन्ही हातांनी दार बडवते आहे.

मॅडमनी शिवानीला फोन लावला. "ताबडतोब घरी या! नॅनीनं बाळ कोंडलंय!" आणि स्वतः रिक्षात बसल्या.

आवाज:

"आत्ती, एकच डायपर! एकच बदलू द्या!"

"दार उघड! माहेरच्या पोरीनं घाणीत हात घातला तर मी पाणी सुदीक प्यायची न्हाय!"

"नापास हुईन मी!"

"हू की! नापास होऊन कोण मेलंय? आमचा सार्थक बारावीला दोनदा झालाय!"

सार्थक म्हणजे शिवानीचा नवरा. ही माहिती शिवानीला नवी होती. ती नुकतीच दारात पोचली होती, तिच्यामागे मॅडम.

"नापास!" मॅडम ओरडल्या. "या क्षणी नापास!"

दार उघडलं. अंजना रडत होती, सम्राट हसत होता. डायपर मागचा पुढे झाला होता, पण झाला होता.

"ही कोण वरडणारी?" आक्का वळली. "कुठली गं तू?"

"मी संस्थेची संचालक आहे."

"गाव इचारलं."

"कागल."

"कागलात कुणाची?"

मागे अंजना मान हलवत होती, हात हलवत होती, नको नको करत होती. मॅडमना ते दिसलं. पण आवाजाशिवायचं चित्र त्यांना कधी कळलं होतं?

"गणपतराव मास्तरांची."

आक्काचा हात छातीवर गेला.

चित्र: सोफ्यावर नॅनी. शेजारी मॅडम. दोघींच्या हातात वाट्या. हे चित्र मोबाइलवर कुणीच पाहिलं नाही, कारण पाहणारी आता चित्रात होती.

"पास," तिसऱ्या वाटीनंतर मॅडम म्हणाल्या. "बाळासाठी वेणी तुटंपर्यंत भांडणारी नॅनी मी अजून बघितली न्हाय." त्यांची प्रमाण मराठी दुसऱ्या वाटीतच विरघळली होती.

"मग उद्यापासून ये," शिवानी म्हणाली. "पगाराचं बोलू या."

"पगार?" आक्का पळी घेऊन बाहेर आली. "भाचीला पगार देत्यात व्हय? लुगडं घे, ओटी भर. पगाराचं नाव काढशील तर बघ!"

अशा रीतीनं अंजना पास झाली आणि नोकरी गेली.

मॅडमनी नागाळा पार्कात दुसरं घर शोधलं. पुन्हा एक दिवसाची परीक्षा, पुन्हा कॅमेरा. "हे हातचं घालवलंस तर आजरा," त्या म्हणाल्या. "गाव सांगू नकोस. बापाचं नाव तर मेलीस तरी सांगू नकोस."

तानाबाई नावाच्या आजींनी दार उघडलं. कडेवर नात होती.

"ये. कुठली गं तू?"

"कुठलीच न्हाय."

"आसं कसं? कुणाची तरी असशील की."

"कुणाचीच न्हाय. मला कुणी न्हाय, आज्जी." बिद्रीत त्या क्षणी धोंडीरामला उचकी लागली असणार.

तानाबाईंचे डोळे भरले. कडेवरची नात तशीच सांभाळत दुसऱ्या हातानं त्यांनी अंजनाला पोटाशी धरलं.

"आता हाय," त्या म्हणाल्या, आणि आत बघून ओरडल्या, "आरं, मटण सांगा कुणीतरी!"

त्यांनी अंजनाला सोफ्यावर बसवलं. समोरच्या कोपऱ्यात कॅमेरा होता. फोन थरथरला. मॅडमचा मेसेज. अंजनानं देवाचं नाव घेत उघडला.

"तांबडा का पांढरा? रिक्षात बसतेय."