तोंडात पाणी धरून

बत्तीस वर्षं मी रेल्वेचं इंजिन चालवलं. एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही! तेव्हा काडेपेटीएवढी एक डबी कॉम्प्युटरला जोडायची, त्यात काय मोठं? माझ्या मुलीला, शर्वरीला, मी फोनवर ठणकावून सांगितलं, "गाडी वेळेवर पोचेल!" ती बेंगळुरूला असते. फोनवर बोलताना मान हलवली तर दिसत नाही, म्हणून मी जरा जास्तच ठणकावतो.

डबीची गोष्ट अशी. दर दिवाळीच्या पाडव्याला माझी बायको शकुंतला मला ओवाळायची आणि मी तिच्या ताटात पैसे टाकायचो. मला वाटायचं, साडी घेत असेल. पण नवीन साडी काही दिसायची नाही! ती ते पैसे शर्वरीला पाठवत होती. "तुझ्या त्या बिटकॉइनमध्ये टाक, बाबांना बोलू नकोस." गेल्या उन्हाळ्यात शकुंतला गेली, त्यानंतर मला हे कळलं. एवढी वर्षं एका घरात राहून ही बाई माझ्याच पैशाने माझ्यापेक्षा पुढची गाडी पकडून बसली होती!

"ते आईचं आहे, म्हणजे तुमचं," शर्वरी म्हणाली. "मी हार्डवेअर वॉलेट पाठवते."

"पाकीट?"

"पाकीट नाही, मतलब... किल्ली समजा. नाणं डबीत नसतं, त्याची किल्ली असते. डबी चालू केली की ती चोवीस शब्द दाखवेल. ते कागदावर लिहायचे. डबी हरवली तर त्या शब्दांवरून दुसरी करता येते. पण शब्द हरवले तर संपलं. आणि शब्द दुसऱ्याला कळले तरी संपलं! फोटो काढायचा नाही, कॉम्प्युटरवर टाइप करायचे नाहीत. कुणी कंपनीतून बोलतोय म्हणाला तरी सांगायचे नाहीत."

"समजलं. पुढे?"

"पुढे असं, बाबा, की हे तुम्ही एकट्याने नीट केलंत, तर मी बेंगळुरूचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर संक्रांतीनंतर मी येते, सामान बांधते आणि तुम्हाला घेऊन जाते."

आता खरा पेच कळला ना? हे जयपूरचं, खातीपुऱ्यातलं घर मी आणि शकुंतलाने नोकरीत असताना बांधलं. रेल्वेने भुसावळहून इकडे पाठवलं आणि आम्ही इकडचेच झालो. बेंगळुरूला शर्वरीचं घर चौदाव्या मजल्यावर. तिथे खिडकीतून गाडीची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. मी तिथे करू काय?

शर्वरीचाही दोष नाही. दिवाळीला ती आली होती. आम्ही बाजारात निघालो आणि गॅस बंद आहे का बघायला मी गल्लीच्या टोकावरून तीनदा परत आलो. मी विसरभोळा नाही हो! सवयीचा प्रश्न आहे.

इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने मोठ्याने म्हणायचं, "हिरवा!" सहायकाने बघून तेवढ्याच मोठ्याने परत म्हणायचं, "हिरवा!" दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय सिग्नल खरा धरायचा नाही. मी हाच कायदा घरी लावला. बाहेर पडताना दारातून ओरडायचो, "गॅस?" आतून शकुंतला, "बंद!" "नळ?" "बंद!" "कुलूप?" "लागलं!" मग आमची स्वारी निघायची. आताही मी ओरडतो. उत्तर येत नाही. मग मी परत जाऊन बघतो. बघून आलो की पुन्हा ओरडतो.

असो. डबी आली. सील मी असं तपासलं, जसं सुटण्याआधी ब्रेक तपासतात. सॉफ्टवेअर शोधायला गेलो तर वरतीच एक जाहिरात, "येथून डाउनलोड करा!" मी फसतो काय? शर्वरीने बजावलं होतं. डबीच्या खोक्यावरचा पत्ता मी एकेक अक्षर बघून टाइप केला. सॉफ्टवेअर बसलं. डबीने पिन मागितला, तो ठरवला. शर्वरीला फोन केला.

"पिन ठेवला! तुझ्या वाढदिव–"

"सांगू नका!!"

"बरं बरं. आता शब्द घेतो. फोन ठेव."

"दार बंद करून बसा. आजूबाजूला कोणी नको."

जानेवारीत आमची खालची खोली म्हणजे बर्फाची पेटी. गच्चीवर छान ऊन होतं, आणि माझ्या गच्चीवर माझ्याशिवाय असणार कोण? लॅपटॉप, डबी, कागद, पेन्सिल घेऊन मी वर खाटेवर बसलो. संक्रांत दोन दिवसांवर होती. जयपुरात तेव्हा अख्खं गाव गच्च्यांवर असतं, आकाशात पतंग आणि तोंडात "वो काटा!" हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मी म्हटलं, ती मंडळी वर बघतायत, माझ्याकडे कशाला बघतील?

डबीच्या टिचभर पडद्यावर पहिला शब्द आला. मी तो लिहिला आणि सवयीने खणखणीत आवाजात म्हणालो, "टोमॅटो!"

आणि थांबलो. उत्तर आल्याशिवाय पुढे कसं जाणार? जिन्याकडे बघितलं. मग स्वतःच हळूच "टोमॅटो" म्हणून बटण दाबलं.

"गार्लिक!"

लांबच्या गच्चीवरून, "वो काटा!"

"अंकल!"... "लॅडर!"... "टायगर!"...

माझा वेग वाढला. बऱ्याच महिन्यांनी असं तालात काम चाललं होतं. गाडीने जंक्शन सोडावं तसे शब्द सुटत होते! अर्ध्यावर आलो आणि पडद्यावर शब्द आला. मी लिहिला.

"वाइफ!"

थांबलो. या वेळी स्वतःला उत्तर द्यायचंही सुचलं नाही. बराच वेळ जिन्याकडे बघत बसलो. मग डोळे पुसले, "डाँकी!" म्हणालो आणि पुढे निघालो.

आता शेजारच्या गच्चीवर चला. तिथे राठोड भाभी पापड वाळत घालत होत्या. भल्या बाई. त्यांना नेहेते हे माझं आडनाव म्हणता येत नाही, म्हणून त्या मला नेताजी म्हणतात. त्यांनी काय पाहिलं? नेताजी खाटेवर एकटे बसलेत. कधी इंग्रजी बोलत नाहीत, ते इंग्रजीत ओरडतायत. प्रत्येक ओरडण्यानंतर रिकाम्या जिन्याकडे बघतायत. आणि मग "वाइफ!" म्हणून रडतायत. आणि लगेच "गाढव!"

पहिल्याच शब्दाला भाभींनी छातीवर हात ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने मोबाइल काढला होता. माझा आवाज तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून गल्लीच्या ग्रुपवर टाकला: "नेताजी के दिमाग पर असर हो गया है। सुनो! कोई डॉक्टर को बुलाओ!"

मी चोविसावा शब्द लिहून विजयी मुद्रेने खाली उतरलो, तर दारात भाजीवाला.

"टमाटर दो किलो, लहसुन आधा किलो। और क्या बोल रहे थे बाबूजी?"

"मी कुठे काय मागवलं?"

"ग्रुप में आया है जी!"

त्याच्यामागे शिडी घेऊन एक जण. 'लॅडर' ऐकून लगेच आला, म्हणे कुणी अडकलं असेल. त्याच्यामागे पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टर आसावरी, मूळच्या नागपूरच्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला.

"काका, आज वार कोणता?"

"सोमवार. का हो?"

"शाबास. तुम्ही कुठे राहता?"

"तुम्ही आत्ता बसलात तिथे!"

"बरोब्बर. आता सांगा, गच्चीवर ते कसले शब्द म्हणत होतात?"

मी ताठ बसलो. "माफ करा, ते सांगता येणार नाहीत. गुप्त आहेत."

"काका," डॉक्टर पट्टा सोडत म्हणाल्या, "ते अख्ख्या गल्लीला पाठ झालेत."

तेवढ्यात फोन वाजला. शर्वरी! रेकॉर्डिंग तिच्यापर्यंतही पोचलं होतं.

"बाबा! मोठ्याने वाचले?"

"कुणालाही सांगितले नाहीत!"

"ग्रुपवर आहेत! कुणी बनी पार्कच्या काकूंना पुढे पाठवलेत, त्यांनी मला पाठवले! एका मास्तरांनी तुमचे उच्चार सुधारून परत टाकलेत!" मग तिचा आवाज उतरला. "जाऊ द्या. मी तिकीट काढते. तुम्ही एकटे राहू शकत नाही, बाबा."

भाजीवाल्याने टोमॅटो परत टोपलीत ठेवले. राठोड भाभी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"थांब," मी म्हणालो. "डबीत तू आत्तापर्यंत काही पाठवलंयस?"

"नाही."

"म्हणजे गाडी रिकामी आहे. रिकाम्या गाडीची किल्ली लोकांना कळली, तर काय बिघडलं? मला नवी किल्ली घेऊ दे."

बहुतेक तिला पटलं आणि पटलं याचा राग आला.

"तीनदा चुकीचा पिन टाका. डबी सगळं पुसेल. मग नवे शब्द देईल. पण बाबा, ही शेवटची वेळ. एक शब्द तोंडातून निघाला तर..."

मी सगळ्यांना काय घडलं ते सांगितलं. ड्रायव्हर, सहायक, गॅस, नळ. "उत्तर आल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही," मी म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली. राठोड भाभी मात्र रागावल्या.

"तो पहले बोलते ना, नेताजी! मैं तो रोज सुनती हूँ। सोचती थी, भाभीजी से बात कर रहे हैं, बीच में क्या बोलूँ!"

सगळे गेले. मी खालच्या बर्फाच्या पेटीत बसलो. दारं बंद, खिडक्या बंद. तीनदा चुकीचा पिन टाकला. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम लाल सिग्नल ओलांडला, तोही तीनदा! डबी कोरी झाली.

मग स्वयंपाकघरातून तोंडात पाण्याची गुळणी धरून परत आलो. तोंड भरलेलं असलं की माणूस ओरडेल कसा? पहिला शब्द आला. गाल फुगले, आवाज नाही. दुसरा आला. "हुम्म्!" एवढंच. तिसऱ्याला शिंक आली! पाणी नाकातून कागदावर! दुसरा कागद, दुसरी गुळणी, पुन्हा पहिल्यापासून. डोळे बाहेर आले, पण चोवीसच्या चोवीस लिहिले. ते कोणते, हे तुम्हाला सांगणार नाही. एकदा तोंड भाजलेलं आहे.

आणि मग गंमत झाली! शब्द संपले आणि डबीने मलाच विचारायला सुरुवात केली: पहिला शब्द कोणता? यातला निवडा. दुसरा कोणता? एकेक करून सगळे. मी कागदात बघून निवडायचो, ती म्हणायची, बरोबर. मी गुळणी गिळून टाकली. एवढ्या महिन्यांनी या घरात कुणीतरी उलट विचारलं होतं!

कागद स्वयंपाकघरात लपवला आणि शर्वरीला फोन लावला. "झालं. एक अक्षर बोललो नाही."

"आता पैसे घ्यायचा पत्ता काढा. कॉम्प्युटरवर दिसेल, तोच डबीवर दिसायला हवा. कॉम्प्युटरला कुणी फसवू शकतं, म्हणून डबीवरचा खरा. तंतोतंत जुळवा."

"हा पण गुप्त?"

"नाही, हा कुणालाही सांगता येतो."

"मोठ्याने वाचू?"

ती हसली. "वाचा, बाबा."

मी वाचला! खिडकी उघडून वाचला! एकेक अक्षर मी म्हणायचो आणि तिकडून ती परत म्हणायची. तिचा आवाज आईसारखाच आहे, फोनवर तर जास्तच. पत्ता जुळला. तिने आधी थोडंसंच पाठवलं, गाडीच्या पुढे रिकामं इंजिन पाठवावं तसं. ते सुखरूप पोचलं. मग बाकीचं. पाडव्याचे सगळे पैसे घरी आले.

"तरीपण बाबा," मी चहासाठी दूध शेगडीवर ठेवत असताना ती म्हणाली, "तुम्ही गॅस बघायला तीनदा..."

"ते मग बोलू. भाभींना दोन दिवस आधीच तिळगूळ देऊन येतो. तू फोनवरच राहा."

फोन खिशात टाकला, दारात उभा राहिलो आणि सवयीने ओरडलो, "गॅस?"

"चालू है, नेताजी!" वरून आवाज आला. "दूध उफन रहा है!"

धावलो. खरंच दूध शेगडीवर सांडत होतं. त्यांच्या गच्चीवरून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बंद करून परत दारात आलो.

"गॅस?"

"बंद!"

"नळ?"

"बंद!"

"कुलूप?"

"लग गया!"

मी फाटकाबाहेर पडलो. मागे वळलो नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो असतो तरी वळलो नसतो! मग खिशातून शर्वरी हळूच म्हणाली, "राहा, बाबा. तुम्ही तिथेच राहा."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? पण मला तोंडात पाणी धरायचं भान राहिलं नाही. जोरात गाडी चालली होती!

"कागद?" मी ओरडलो.

"आटे के डिब्बे में!" भाभी.

"बाबाऽऽ!" खिसा.

कागद त्याच संध्याकाळी दुसरीकडे हलवला. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदाही लावला. भाभींनीच शिवून दिला, माप घ्यायला त्या स्वतः आत आल्या होत्या. पडदा अर्धाच आहे. शेगडी दिसायला हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं.