‘आहा’ कोणत्या रकान्यात?

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चवनिर्णय मंडळाचे चिटणीस उठले, नियमाप्रमाणे त्यांनी चौदा वेळा जीभ घासली आणि समोर आलेला चहाचा कप आदरपूर्वक दूर सारला. परीक्षणाच्या दिवशी परीक्षकाच्या जिभेवर अन्य कोणतीही चव असू नये, असे कलम चार सांगते.

"जीभ काय मंडळाच्या मालकीची आहे?" पत्नीने विचारले.

"आज दुपारपर्यंत, हो."

"मग दुपारपर्यंत ती जरा माझ्या भावाच्या बाजूने वळवा. पन्नासात चाळीस मिळाले नाहीत, तर बारमालक त्याची बिअर ठेवणार नाही. पुन्हा दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकत फिरेल बिचारा."

"नातेवाइकाच्या नमुन्याचे दोन गुण कापावेत, असं कलम अकरा आहे."

"ते कुणी लिहिलं?"

चिटणीस मोजे शोधू लागले. कलम अकरा त्यांनीच लिहिले होते.

मेहुण्याने दोन वर्षे गॅरेजमध्ये गाडीऐवजी पिंपे ठेवून ही सेझाँ नावाची बेल्जियन धाटणीची बिअर सिद्ध केली होती: फिकट, किंचित गढूळ, फेसाळ. मंडळाच्या खोलीत तिचे तीन पेले मांडले गेले. कोपऱ्यात एक प्लंबर बेसिनखाली आडवा होऊन गळका पाइप बदलत होता. प्रथम प्रत्येक परीक्षकाने जगमधले दोन पेले पाणी प्यायले, कारण तहानलेला परीक्षक पक्षपाती असतो.

"अहो भाऊजी, पण ही बिअर तहानेसाठीच असते!" मेहुणा कळवळला. "पूर्वी शेतावर राबणाऱ्या मजुरांसाठी करायचे ही."

"ते मजूर मंडळाचे सदस्य होते का?" अध्यक्षांनी विचारले. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. समोरच्याचे तोंड उघडे असतानाच प्रश्न विचारण्याची त्यांची सवय अजून गेली नव्हती.

त्यांनी पेला नाकाशी नेला. "मिरी. लिंबाची साल. वाळलेलं गवत." मंडळात 'छान' हा शब्द वर्ज्य होता, गेल्या वर्षी तो उच्चारल्याबद्दल एक सदस्य निलंबित झाले होते. "आणि तळाशी घोड्याच्या पाठीवरची झूल."

"ओली की कोरडी?" तिसऱ्या परीक्षक, अत्तरांच्या दुकानाच्या मालकीणबाई, कडाडल्या.

प्रश्न रास्त होता. प्रमाण नमुन्याशिवाय त्याचा निकाल लागणार नव्हता, म्हणून घोडेस्वारीच्या शाळेतून झूल मागवण्यात आली. ती धुतलेली निघाली. न धुतलेली मागवली. घोड्याचे वय आणि आहार यांची लेखी माहिती येईपर्यंत तिघे परीक्षक आळीपाळीने तिच्यात नाक खुपसून बसले. अखेर झूल ही झूलच आहे, असा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी संमत झाला.

तोवर पेल्यांतला फेस बसला होता. फेसाला शून्य गुण पडले.

"नवी बाटली उघडतो ना!" मेहुणा म्हणाला.

"नवी बाटली म्हणजे नवा अर्ज," अध्यक्ष म्हणाले.

बेरीज अडतीस झाली. नात्याचे दोन वजा. छत्तीस.

इतक्यात बेसिनखालून प्लंबर बाहेर आला. "घसा पार कोरडा पडलाय हो. आणि नळ तर मीच बंद केलाय. प्यायला आहे का काही?"

मेहुण्याने हताशपणे ती नवी बाटली उघडून त्याच्या हातात दिली. प्लंबरने ती एका दमात रिकामी केली आणि डोळे मिटले. "आहा! काय छान आहे! अजून एक मिळेल?"

मालकीणबाईंनी झूल छातीशी धरली.

"'आहा' कोणत्या रकान्यात?" अध्यक्षांनी विचारले.

चिटणीसांनी गुणपत्रकाची चारही पाने उलटून पाहिली. तसा रकाना नव्हता. इतिवृत्तात नोंद झाली: 'बेसिनच्या दिशेकडून अनधिकृत आनंद व्यक्त झाला. दखल घेतली नाही.'

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे चिटणीस स्वतः बारमधल्या फळ्यावर निकाल लिहायला गेले. तिथे बारमालक नव्या बिअरचा एकेक पेला चवीसाठी वाटत होता. एका आजोबांनी मोठा घोट घेतला, मान मागे टाकली आणि "आऽ" असा सूर लावला. त्याच क्षणी त्यांची नजर फळ्यावर गेली. चिटणीस नुकतेच ३६ लिहून बाजूला झाले होते. उरलेला "हा" आजोबांनी तोंडातच ठेवला.

"कडवटच आहे जरा," ते पुटपुटले.

"मला तर पहिल्याच घोटाला शंका आली होती," शेजारचा म्हणाला. त्याचा पेला काठोकाठ भरलेला होता.

बारमालकाने पिंपाच्या तोटीवर फडके टाकले. भिंतीला टेकलेला मेहुणा कुणाकडेही न बघता म्हणाला, "व्हॅक्यूम क्लीनर हवाय का कुणाला?"

वीस वर्षांत चिटणीसांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. सकाळपासून त्यांनी चहाही घेतला नव्हता. आजोबांनी खाली ठेवलेल्या पेल्याशेजारचा एक भरलेला पेला त्यांनी उचलला आणि आयुष्यात प्रथमच, वास न घेता, तहान लागली म्हणून बिअर प्यायली. घशातून एक ‘आहा’ वर आला. प्लंबरचा इतिवृत्तात दाबला होता, तसा हा त्यांनी दाबला नाही.

मग त्यांनी बाहीने तीन पुसला आणि तिथे चार लिहिला.

"हाऽ!" आजोबांनी पूर्ण केले. फडके निघाले. रांग दारापर्यंत गेली.

चिटणीसांचे चुकले, असे आपले मत असेल. असू द्या. पण ही गोष्ट आपल्याला आवडली की नाही, हे घाईने ठरवू नका. तिला किती तारे मिळालेत, ते आधी बघून घ्या.