कोऱ्या कागदाचा पंच

आमचे खंडूतात्या सापाला शेपटीने धरून बांधापलीकडे भिरकावून देत आणि पुन्हा खुरपं हातात घेत. त्यांना भीती वाटे ती फक्त कोऱ्या कागदाची.

कुरुळीच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा राहायला तात्यांची पडवी मिळाली. तेव्हा चाकणच्या रस्त्याला कांद्याच्या बैलगाड्यांखेरीज काही दिसत नसे. पहिल्याच दिवशी मी आईला खुशालीचं कार्ड लिहिलं. तात्या येऊन पाठीशी उभे राहिले. अक्षरओळख नव्हती, पण कार्डाची खालची मोकळी जागा त्यांनी बरोबर हेरली.

"हितं काय लिवनार?"

"काही नाही. मजकूर संपला."

"मंग फुल्या मारा. मोकळं सोडू नका, मास्तर."

घरमालकाशी पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मी मारल्या. आठ दिवसांनी आईचं उत्तर आलं, "तुझी प्रकृती ठीक आहे ना? नसल्यास निघून ये."

पुढे मला त्यांची सवय झाली. वाण्याने गूळ कोऱ्या कागदात बांधला तर तात्या पुडी परत करत, "छापलेल्यात बांध." मी शाळेसाठी वह्यांचा गठ्ठा आणला तेव्हा तर ते दोन पावलं मागे सरले. "येवढी कोरी कागदं लेकरांच्या हाती देता? काळीज हाय का न्हाई तुमाला?" मी पोट धरून हसलो. नव्या मास्तराला गावात हसायला दुसरं होतं तरी काय!

एके दिवशी पोलीस ठाण्यातला जमादार सायकलवरून गावात आला आणि माझं हसू आटलं. सायकल ओढा उतरते न उतरते तोच आळी ओस पडली. शेजारच्या किसनची शेळी आदल्याच दिवशी चोरीला गेली होती. आता तक्रार कर, असं मी म्हणालो, तर हा गडी पांढराफटक पडून कुजबुजला, "कसली शेळी? माझ्याकडं शेळीच नव्हती, मास्तर!" चोराने एक शेळी नेली होती. जमादार चौकशीला बसला तर कोंबड्याही जातील आणि वर दोन दिवस ठाण्यात बसावं लागेल, असा त्याचा हिशेब होता. तात्या मात्र डाव्या अंगठ्याला घाईघाईने चिंधी गुंडाळत होते.

"लागलं का काही?"

"न्हाई. त्यो जाईस्तवर लागलंय."

जमादार पाणी पिऊन निघून गेला. चिंधी सोडता सोडता त्या दिवशी तात्या कोऱ्या कागदाबद्दल पहिल्यांदा बोलले. पोलिसांनी झडती घेतली की काय सापडलं ते कागदावर लिहायचं आणि गावातल्या दोघांनी पंच म्हणून खाली सही-अंगठा करायचा, अशी रीत. नऊ वर्षांपूर्वी याच जमादाराने तात्यांचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला. "मजकूर मागनं भरतो," म्हणाला. मागून त्याने भरलं ते असं, की गंगारामच्या कडब्याच्या गंजीत चोरीची भांडी सापडली. गंगाराम म्हणजे तात्यांचा जिवाचा दोस्त. दोघांचा एकेक बैल, दोघांचं मिळून एक औत.

"कोर्टात इचारलं, अंगठा तुजा का? म्हनलं, व्हय. भांडी बघितली का? जमादार मागं हुबा. म्हनलं, व्हय."

गंगाराम तुरुंगातून परत आलाच नाही. तिथेच तापाने गेला. त्याची बायको अनसूया समोरच्या घरात राहायची. नऊ वर्षं ती तात्यांशी एक शब्द बोलली नव्हती. तात्या दरसाल आधी तिचं रान नांगरून देत आणि मग स्वतःचं. ती बांधावर येतसुद्धा नसे.

त्यानंतर फुल्या मारताना मला हसू येईना.

पुढे तळेगाव स्टेशनातून तांब्याची तार चोरीला गेली आणि जमादार पुन्हा आला. या खेपेला बरोबर शिपाई होते आणि दोरीने बांधलेला सदू हमाल होता. सदू आमच्याच गावचा. त्याच्या झोपडीची झडती झाली. मी दारातच उभा होतो. आत एक माठ, एक घोंगडी आणि एक कंदील निघाला. तार निघाली नाही.

जमादाराने चावडीवर मला आणि तात्यांना बोलावलं आणि पुढ्यात कोरा कागद सरकवला. "शिकलेला पंच असला की बरं पडतं. करा सही. मजकूर सावकाश भरू." मग हळूच म्हणाला, "नोकरी अजून कायम व्हायचीय ना, मास्तर?"

सदू माझ्याकडे बघत होता. मी पेनाचं टोपण काढलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण काढलं होतं.

"कोरं हाय," तात्या म्हणाले. अंगठा त्यांनी मुठीत दडवला होता. "आधी लिवा, सायेब. माठ, घोंगडी, कंदील. मंग अंगठा."

जमादाराने मुस्कटात हाणली. मुंडासं जमिनीवर पडलं. ते न उचलता तात्या पुन्हा म्हणाले, "आधी लिवा."

आणखी दोनदा तेच झालं. मी टोपण लावलं. त्यापलीकडे माझ्याच्याने काही झालं नाही. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून शिपायांनी तात्यांनाही दोरी लावली आणि मी शाळेची वेळ झाल्याचं सांगून पळालो. एव्हाना सगळी आळी आतून कड्या लावून बसली होती. जमादाराला पंच म्हणून चिटपाखरू मिळालं नाही.

दोन दिवस मी मुलांना पाढे म्हणायला लावून खिडकीतून रस्ता बघत होतो. ठाणं तीन कोसांवर. रोज म्हणायचो, शाळा सुटली की जाऊ. शाळा सुटे आणि पाय उचलत नसे. आत गेलो आणि मलाही बसवून घेतलं तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी सदू सुटून आला. पंच नाहीत म्हटल्यावर जमादाराला त्याला सोडावंच लागलं होतं. मागून तात्या आले. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झालो.

"तात्या, माफ करा. गावातलं कुणीच आलं नाही. मीसुद्धा."

"आसं कसं? अनसूयावहिनी आली व्हती की. दोनी दिस. फाटकाभायेर बसून व्हती. शिपायाहाती भाकरी धाडली."

मी तांब्या त्यांच्या हाती दिला. मग विचारलं, "काही बोलल्या?"

"न्हाई." तात्यांनी समोरच्या बंद दाराकडे बघितलं. "पयल्या दिशी भाकरीवर मिरचीचा ठेचा व्हता. वठ फुटल्याला, खाता येईना. गजातनं बघितलं आसंल तिनं. दुसऱ्या दिशी दुधात कुस्करून आनली."

एवढं सांगितलं आणि तो मार खाऊन न रडलेला माणूस माझ्या पडवीत बसून लहान मुलासारखा रडू लागला.