खडूने आखलेली खाट

नवरात्रात आमच्या घरी चार दिवस ट्रेडमिल होतं, पण ते दिसायचं फक्त आम्हा नवराबायकोला. पाहुणे खुशाल त्याच्यातून चालत जायचे आणि सुप्रिया ओरडायची, "अहो, बाजूने या ना, तिथे ट्रेडमिल आहे!" माझ्या मेहुण्याने तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?"

हा सगळा सावंत मास्तरांचा प्रताप.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. परळच्या एका दुकानात त्यांनी उभा जन्म पँटी बेतल्या. आता निवृत्त आहेत, आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत समोरच्या खोलीत एकटेच राहतात. दुकान सुटलं तरी गळ्यातली टेप सुटली नाही आणि खिशातला चपटा खडूही सुटला नाही. चाळीत कोणी फोनवर सेल बघतोय असं कळलं, की मास्तर चपला घालून हजर.

त्या दिवशीही आले. मी म्हटलं, "मास्तर, ट्रेडमिल! अर्ध्या किमतीत!"

"उभा राहा," ते म्हणाले. त्यांनी आधी माझीच कंबर मोजली. "चाळीस. गरज आहे, मान्य. आता त्याचं माप सांग."

मी फोनवर बघून लांबी-रुंदी सांगितली. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, कपाट आणि मोरी यांच्यामध्ये, त्यांनी खडूने एक चौकोन आखला. कोपरे असे काटकोनात, की त्यांच्या हाताचं कौतुकच वाटावं.

"आठ दिवस ह्याच्यासोबत राहायचं. पुसायचं नाय, आत पाय ठेवायचा नाय. नवव्या दिवशी पण हवंसं वाटलं तर बिनधास्त मागव. खोका मी स्वतः वर आणतो."

"अहो, पण सेल पाच दिवसांत संपतोय!"

"मग दुसरा येईल. गणपतीत येतो, दसऱ्याला येतो, दिवाळीत येतो. इतक्या नेमाने माणसं तरी येतात काय रे कोणाकडे?"

तेव्हा मला हा नेहमीचा टोमणा वाटला. मी हसलो आणि विसरलो.

पहिल्या रात्रीच गादी घालायला जागा उरली नाही. मी पाय पोटाशी घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी कपाटाचं दार उघडेना, म्हणजे उघडायचं, पण ट्रेडमिलला लागायचं. तिसऱ्या दिवशी सुप्रिया म्हणाली, "शेवटी ह्याच्यावर टॉवेलच वाळणार ना? दोरी आहे की आपल्याकडे." चौथ्या दिवशी मीच ओलं फडकं घेतलं. एक खरं, चार दिवस त्या चौकोनाला वळसे घालून माझं चालणं भरपूर झालं.

कपड्यांसाठी मास्तरांचा वेगळा नियम. कुर्ता हवाय? कपाटात आठ दिवस एक रिकामा हँगर लावून दाखव. निम्म्या चाळीचा हट्ट त्या हँगरपाशीच मोडतो, कारण हँगर आत शिरतच नाही.

म्हाताऱ्याला दुसऱ्यांचं सुख बघवत नाही, असं काही लोक म्हणतात. मीही म्हणायचो. पण गेल्या नाताळात कोपऱ्यातल्या फिलोमिना आंटीला तेलाशिवाय तळणारं यंत्र हवं होतं. मास्तरांनी तिच्या ओट्यावर गोल आखला. आंटी आठ दिवस त्या गोलाला सांभाळून मासे कापत राहिली आणि नवव्या दिवशी म्हणाली, "मास्तर, हवंच." मास्तरांनी शब्द पाळला. खोका डोक्यावर घेऊन तीन जिने चढून आले आणि वर आल्यावर पहिलं कटलेटही त्यांनीच खाल्लं.

ट्रेडमिल पुसल्याचं सांगायला मी त्यांच्या खोलीत गेलो, तेव्हा पहिल्यांदाच माझी नजर जमिनीवर गेली. त्यांच्या खाटेसमोर, खिडकीखाली, खडूचा एक लांबट चौकोन होता. सहा फूट बाय तीन फूट. रेघ ताजी, पण तिच्याखाली जुन्या रेघांचे कितीतरी थर. केर काढला की पुन्हा आखत असणार.

"मास्तर, ही काय वस्तू?"

"खाट." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आक्काची."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सावंतवाडीजवळच्या गावी एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी भावोजी गेले, तेव्हापासून मास्तर तिला "इकडे ये" म्हणतात आणि ती "बगूया" म्हणते.

"म्हणजे तीन वर्षं? आणि आम्हाला आठ दिवस?" मी चिडूनच विचारलं. "मागवून टाका की!"

"खाट येईल रे दोन दिवसांत. आणि आक्का नाय आली तर? रिकाम्या खाटेकडे बघत जेवू मी?"

चाळभर लोकांना वस्तूंचा मोह आवरायला शिकवणारा हा माणूस स्वतः एवढ्याशा आशेला घाबरून बसला होता. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, "निदान तिला दाखवा तरी." आणि माझ्याच फोनवरून आक्काला व्हिडिओ कॉल लावला.

पलीकडे पांढऱ्या केसांचं एक करारी तोंड दिसलं. मी फोन जमिनीकडे वळवला.

"ह्यां काय रे?"

"तुझी खाट," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

आक्काने तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाली, "मेल्या, आणि उशी खंय आसा?"

भाऊबीजेला मास्तर दरवर्षी गावाला जातात. यंदा आदल्या दिवशी आक्काच एसटीने आली. एका हातात पिशवी, काखेत सावरीच्या कापसाची स्वतःची उशी. जिन्यावरच तिने सगळ्यांना बजावलं, "आठ दिसांसाठी इलंय हां!"

तिला मास्तरांनी आपली खाट दिली आणि स्वतः त्या खडूच्या चौकोनात चटई टाकून झोपले. बाहेर हातही जाऊ द्यायचे नाहीत, असं आक्का हसत सांगायची. आठ दिवस त्यांच्या खोलीतून भांडणाचे आवाज येत होते. कोकम किती घालायचं, लहानपणी विहिरीत कळशी कोणी पाडली, असले विषय. मास्तर कंबर धरून वाकडे चालत होते आणि चाळीत कोणाचीही चौकशी करायला येत नव्हते. चाळीतल्या दोघांनी त्या आठवड्यात परस्पर मिक्सर मागवले, तरी मास्तरांना पत्ता नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो, तर मास्तर दारात उभे. मागे त्यांच्या खोलीत आक्का खाली बसून तांदूळ निवडत होती. तिची पिशवी खुंटीला होती, रिकामी.

"संद्या, फोन काढ. आज नववा दिवस."

मी खाट शोधून दिली आणि बोललो, "मास्तर, सेल कालच संपला. आता पूर्ण किंमत पडेल."

"पडू दे रे," मास्तर म्हणाले. "दाब तू."

मी दाबणार, तेवढ्यात आतून हुकूम आला, "मजबूत बग रे! माका लय वर्सां काढूची आसत तिच्यार!"

मास्तरांनी झटकन तोंड फिरवलं आणि गळ्यातल्या टेपेनेच डोळे पुसले. खाट यायला अजून तीन दिवस आहेत. दारातून खडूचा चौकोन दिसतो, आणि त्यात वरच्या बाजूला आक्काची उशी ठेवलेली आहे.